पाळक टिळक आणि त्यांची मंडळी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतांशी दोन जागी उभे राहून लिहिले गेले. एक जागा शालेय पाठ्यपुस्तकाची. तेथे टिळक ‘फुलामुलांचे कवी’ असतात. दुसरी चर्चच्या व्यासपीठाची. तेथे ते ख्रिस्ताचे मराठी संत असतात. ज्या मंडळीचे ते पाळक होते तिच्यात बसून टिळकांकडे पाहिले म्हणजे काय दिसते, हा प्रश्न दोन्हीकडे क्वचितच विचारला गेला. ही मंडळी कोण होती? अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने ज्या मंडळ्या उभ्या केल्या, त्यांतील बहुसंख्य माणसे महार व मांग वस्त्यांतून आलेली होती. त्यांचा पाळक मात्र कोकणातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला, संस्कृतज्ञ कवी. या अंतराचा हिशोब मांडल्याखेरीज टिळकांचे मूल्यमापन पुरे होत नाही.

टिळकांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त गेले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावली. 1904 मध्ये ते दीक्षित पाळक झाले. 1912 पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू त्यांच्या हाती होती. आणि 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी ते वारले. पोटासाठी धर्म बदलला, हा दलित ख्रिस्ती माणसाला आजही ऐकावा लागणारा टोमणा टिळकांना लागू करायला कोणी धजत नाही. का धजत नाही, याचेही उत्तर जातीतच आहे.

टिळकांचे मोठे कार्य म्हणजे त्यांनी ख्रिस्ताच्या अंगावरचा विलायती कोट उतरवला. परक्या चालींवर बेतलेल्या अवघड गीतांच्या जागी अभंग, ओवी, टाळ, कीर्तन आणले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी उपासनेला त्यांनी मराठी तोंड दिले, हे मान्यच केले पाहिजे.

पण हा पूल कोणासाठी होता? तुकारामाकडून ख्रिस्ताकडे जाणारी वाट टिळकांच्या पायांखालची होती. त्यांच्या मंडळीतल्या महार माणसाची वारकरी परंपरेतील जागा चोखामेळ्याने दाखवून ठेवली होती: महाद्वाराबाहेर, पायरीशी. भक्ती देवापुढे समता देते आणि देवळाच्या दारात ती काढून घेते, हा त्याचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावे लागले. तेव्हा टिळकांना जाऊन 28 वर्षे झाली होती. ज्या परंपरेच्या उंबरठ्यावर आपल्याला थांबवले गेले, तीच परंपरा नव्या धर्मात आपल्या स्वागताला उभी आहे, हे त्या माणसाला कसे वाटले असेल? त्याने लिहून ठेवले नाही. लिहिले असते तरी छापले कोणी असते, हा पुढचा प्रश्न.

छापण्याची सोय नव्हती असेही म्हणता येत नाही. ज्या ‘ज्ञानोदया’त पुढे टिळक बसले, त्याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग मुलीचा निबंध आला होता. मांग-महारांच्या दुःखाची तिची मांडणी शरणागतीची नाही, जाब विचारण्याची आहे. आपल्याला धर्म आहे तरी कोणता, असे ती विचारते. टिळकांच्या भजनांत हा सूर नाही. तेथे मी पापी आहे, तू तार, हा सूर प्रधान आहे. चौदा वर्षांच्या मुलीने समाजाला विचारलेला प्रश्न भजनात येईपर्यंत आत्म्याचा प्रश्न झाला.

डॉ. आंबेडकरांनी नेमके येथेच बोट ठेवले. ‘धर्मांतरिताची स्थिती’ हा त्यांचा इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. 1989 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील पाचव्या खंडात तो आला. ख्रिस्ती शिकवणुकीने अस्पृश्याला त्याच्या अधोगतीचे कारण भोवतालच्या समाजरचनेत शोधायला न लावता स्वतःच्या पापात शोधायला लावले, असे त्यांचे म्हणणे आहे. टिळकांची भजने या आक्षेपाबाहेर राहत नाहीत. ती सुंदर आहेत म्हणून तर आक्षेप अधिक लागू पडतो. रुक्ष प्रवचन कोणी गुणगुणत नाही.

मग टिळकांचा खरा वारसा कोठे आहे? माझ्या मते तो त्यांच्या काव्यापेक्षा त्यांच्या घरात आहे, आणि त्याची साक्ष लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला समीक्षकांनी विनोदासाठी व साध्या भाषेसाठी डोक्यावर घेतले. पण त्यात सोवळे कसे सुटते याची जी नोंद आहे ती मराठीत दुर्मीळ आहे. सोवळे एका रात्रीत सुटत नाही. नवरा ख्रिस्ती झाला तरी बाई वेगळी चूल मांडते, वेगळे पाणी भरते, हळूहळू स्वतःशीच भांडते आणि शेवटी कोणाच्याही हातचे खाते. मग घर परक्यांच्या मुलांनी भरून जाते. जात ही मतात नसून माठात आणि चुलीत असते, हे या बाईने कोणत्याही सिद्धांताशिवाय सांगितले. अर्थात हेही जात सोडणाऱ्याचे कथन आहे, सोसणाऱ्याचे नव्हे. ज्या मुलांच्या हातचे पाणी तिने घेतले त्यांच्या बाजूची ‘स्मृतिचित्रे’ आपल्याजवळ नाहीत. खेड्याखेड्यांत शाळा चालवणारे, प्रार्थना घेणारे महार-मांग शिक्षक-उपदेशक होते. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना ओळभर जागा नाही.

1981 साली बंगलोरला अरविंद निर्मल या महाराष्ट्रातल्या धर्मशास्त्रज्ञाने शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली. भारतीय ख्रिस्ती चिंतन वरच्या जातींतून आलेल्यांनी ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी बोलण्यात खर्ची घातले, हा त्यांचा आरोप होता. टिळक अद्वैताकडे न जाता अभंगाकडे गेले, एवढी सूट त्यांना द्यावी लागेल. त्याहून जास्त देता येईल असे मला वाटत नाही. ‘दरबारा’ने मिशनच्या भिंतीला खिंडार पाडले खरे, पण ती भिंत बाप्तिस्म्याची होती, गावकुसाची नव्हती.

वऱ्हाडात वाशीमला (जुने बासीम) नाझरीन मंडळीने काम केले, रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ चालवले. पंथ वेगळा, मिशन वेगळे. पण मराठी मंडळी जेथे जेथे जमते तेथे टिळकांची भजने पोचली आहेत. पेटी-तबल्यावर ती म्हणणाऱ्या पोराच्या आजोबांची जात गावाला तोंडपाठ असते. सरकारी कागदाला मात्र ती दिसत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. 2022 मध्ये या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. त्या पोराने भजन म्हणावे की तहसिलीत खेटे घालावे, असा पर्याय त्याच्यापुढे कधीच नव्हता. तो दोन्ही करतो. रविवारी भजन, सोमवारी तहसील.