जामीनदाराचं पान

कर्ज विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नागरी सहकारी बँकेत. प्रत्येक कर्जप्रकरणात ‘प्रवर्तकाचा परिचय’ नावाचं एक पान असायचं. अर्जदार ते स्वतः लिही किंवा त्याच्या सीएच्या ऑफिसातला एखादा उमेदवार मुलगा लिहून देई. पान कुणाचंही असो, त्याची चाल ठरलेली होती. लहानपणी वडिलांचं छत्र हरपलं, आईनं कष्ट करून शिकवलं, नोकरीत मन रमेना, मग एक संधी चालून आली. अशी हजारभर पानं तरी मी वाचली असतील. संध्याकाळी नगर वाचनालयातून मी उद्योजकांची चरित्रं आणि आत्मचरित्रं आणत असे. दिवसा फाइलमध्ये वाचतो तेच लिखाण आपण रात्री पुस्तकात वाचतो आहोत, हे ध्यानात यायला मला बरीच वर्षं लागली.

फरक एवढाच की फाइलमध्ये परिचयाच्या पानाखाली आणखी कागद असत. सात-बारा, मालाचा साठा, येणीदेणी आणि सगळ्यांत खाली जामीनदारांची संमतीपत्रं. पुस्तकात परिचयाचं पान ताणून तीनशे पानांचं केलेलं असतं आणि बाकीचे कागद फाइलमधून काढून घेतलेले असतात.

मी अभ्यासानं समीक्षक नाही. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. त्याचं कारण पुढे येईलच. साहित्यप्रकारांची मीमांसा मी उशिरा आणि मिळेल तशी वाचली. त्यामुळे या पुस्तकांकडे मी कर्ज विभागाच्या खुर्चीतूनच पाहणार. ती खुर्ची समीक्षेला अगदीच निरुपयोगी नाही, असं मला वाटतं.

पहिली अडचण ‘शून्या’ची आहे. ‘शून्यातून विश्व’ हा शब्दप्रयोग मराठी उद्योगचरित्राच्या मलपृष्ठावर इतक्यांदा येतो की तो छापखान्यात कायमचा जुळवून ठेवला असावा. पण खतावणीत शून्य ही सुरुवात नसते, ती शिल्लक असते. जमा आणि नावे सारखे झाले की शून्य उरतं. म्हणजे शून्याच्या अलीकडे कुणीतरी काहीतरी दिलेलं असतं. ते कुणी दिलं, कशाच्या भरवशावर दिलं आणि बुडालं असतं तर कुणाचं बुडालं असतं, हे विचारलं की या पुस्तकांची प्रतवारी आपोआप होऊ लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात करू. शं. वा. किर्लोस्करांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ हे आपल्या या काकांचं चरित्र लिहिलं. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेल्या मुलाला रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडावी लागली. तो यांत्रिक रेखनाकडे वळला, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. तिथे बढतीत एका अँग्लो-इंडियन माणसाला पुढे केलं म्हणून नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या दुकानाकडे आला. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी मानत, त्यामुळे पहिले काही नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम बेळगाव नगरपालिकेनं काढला आणि सगळं उघड्यावर आलं.

इथे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी येतात. ते 1909 साली गादीवर आले होते. 1910 साली त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कर्ज विभागाच्या भाषेत सांगायचं तर तारण नव्हतं, बाजारात खप नव्हता आणि अर्जदाराला नुकतंच जागेवरून उठवलेलं होतं. कुठल्याही समितीनं हे प्रकरण परत पाठवलं असतं. राजानं ते मंजूर केलं, आणि तो स्वतः चित्रकार होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रंग सोडाव्या लागलेल्या माणसाला रंगात रमलेल्या माणसानं दिलेलं ते कर्ज होतं.

किर्लोस्करांच्या कथेचं मोठेपण हे की तिच्यात माणसं आहेत. धाकट्याच्या पाठीशी उभे राहिलेले थोरले बंधू रामूअण्णा आहेत, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आहेत, शाळा अर्धवट सोडून यंत्रात डोकं घालणारे अनंतराव फळणीकर आहेत. शिक्षा भोगून आलेल्यांना पहारेकरी नेमल्याची हकिगत आहे. अर्थात ही कथा लिहिणारे घरचे आणि छापणारेही घरचेच. 1920 साली सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याचंच पत्रक होती, तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक पुढे झालं. या उद्योगानं आपली गोष्ट सांगायला आपली लेखणीही तयार केली. तरी त्या गोष्टीत देणाऱ्याचं नाव राहिलं. देणारा राजा होता म्हणून राहिलं का, ही शंका मात्र मला सोडत नाही. त्याच्या जागी एखादा शाळामास्तर असता तर?

शंकेला आधार आहे. गं. दे. खानोलकरांचं ‘वालचंद हिराचंद : व्यक्ति, काळ व कर्तृत्व’ हे 1965चं जाडजूड चरित्र मी मराठीतलं या प्रकारचं सर्वांत गंभीर काम मानतो. शीर्षकातले तीन शब्द पाहा. मधला ‘काळ’ आजच्या पुस्तकांतून जवळजवळ गळाला आहे. वालचंदांचं कर्तृत्व काळाशिवाय सांगताच येत नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतलं गेलं, सिंदिया कंपनी निघाली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ते जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. त्यानंतर ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला जेरीला आणलं आणि 1923 साली इंचकेप यांच्याशी बंधनं घालून घेणारा करार करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात विमानाचा, जहाजबांधणीचा आणि मोटारीचा असे तीन कारखाने उभे राहिले, त्यामागे युद्धाची निकड होती. हा माणूस धाडसी होता याविषयी वाद नाही. पण धाडसाला भाव कधी येतो, हे काळ ठरवतो.

मला मात्र वालचंदांच्या सुरुवातीचं पान अधिक बोलतं. त्यांचं घराणं सोलापूरचं, कापसाच्या व्यापारातलं आणि सावकारीतलं. त्यांचे पहिले भागीदार लक्ष्मणराव बळवंत फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि ठेकेदारीत उतरले होते. बार्शी लाइट रेल्वेचं काम या दोघांनी केलं. कामाची माहिती फाटकांकडे होती, भांडवल वालचंदांकडे. म्हणजे या जोडीत ‘शून्य’ कुणाचं असेल तर ते फाटकांचं होतं. मराठी माणसाच्या आठवणीत नाव राहिलं ते वालचंदांचं. ते योग्यही असेल. पुढची झेप त्यांचीच होती. पण शून्यातून निघालेला माणूस बाजूला राहतो आणि भांडवलवाला ध्येयवादाचं प्रतीक होतो, तेव्हा ‘शून्यातून विश्व’ हे सूत्र आपण कुणाला लावतो ते तपासायला हवं.

अर्थकारणातल्या वरिष्ठांच्या आठवणींची तऱ्हा वेगळी. चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, 1950 ते 1956 अर्थमंत्री होते, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. त्यांचं ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ 1974 साली इंग्रजीत आलं. त्यात मलपृष्ठावरचं शून्य नाही. वडील रोह्याला वकील, मुलगा मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा, पुढे आयसीएस. लिखाण एखाद्या चांगल्या सरकारी टिपणासारखं नेमकं आणि कोरडं. पगारदार माणसाच्या कथेत कर्ज नसतं, त्यामुळे जामीनदार लपवण्याचा प्रश्नही येत नाही. पण निर्णयाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, हेही तिथून दिसत नाही. 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात दोनशेपंचेचाळीस विमा संस्था गेल्या. साताऱ्याच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 साली काढलेली वेस्टर्न इंडिया ही त्यांपैकी एक. दिल्लीहून ती यादीतली एक ओळ होती. साताऱ्यात तिच्यावर किती घरं उभी होती हे जुन्या माणसांना विचारावं.

अलीकडच्या पुस्तकांत विठ्ठल कामत यांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ मी तीनदा वाचलं. शीर्षकच अचूक आहे. उपाहारगृहाचा पदार्थ, पंचतारांकित हॉटेल आणि त्या दोन्हींना जोडणारा ‘मी’. कर्जाच्या ओझ्याखाली खचलेल्या क्षणी समोरच्या उंच इमारतीला रंग देणाऱ्या माणसाकडे पाहून सावरल्याचा प्रसंग वाचक विसरत नाहीत. कर्ज ही गोष्ट या पुस्तकात निदान उघडपणे बोलली जाते, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना रंगारी आठवतो, कर्जाचा तपशील कुणालाच नाही. ही आपली वाचण्याची सवय आहे. कर्ज आपल्याला वळवाच्या पावसासारखं वाटतं, आलं आणि गेलं.

श्रीनिवास ठाणेदारांच्या ‘ही ‘श्री’ची इच्छा’ची गंमत निराळी. बेळगावचा मुलगा अमेरिकेत रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतो, कर्ज काढून लहानशी प्रयोगशाळा विकत घेतो, ती वाढवतो. पहिलं पुस्तक शिखरावर संपलं. मग मंदी आली आणि 2010 साली बँकेच्या कर्जापायी कंपन्या त्यांच्या हातून गेल्या. पुढच्या आवृत्तीला ‘पुन्हा श्रीगणेशा’ जोडावा लागला. बंद करून कपाटात ठेवलेली फाइल पुन्हा उघडण्याची पाळी लेखकावर आली आणि त्यानं ती उघडली. या प्रकारात असं फार क्वचित होतं. एरवी हे पुस्तक निघतं तेच मुळी लेखकाचा ताळेबंद उत्तम असतो त्या वर्षी.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. वाचनालयात माझ्या शेजारी बसणारे निवृत्त प्राध्यापक तो नेहमी घेतात. आत्मचरित्र म्हणजे लेखापरीक्षण नव्हे, माणूस स्वतःची गोष्ट सांगतो आहे, त्यानं सगळ्यांच्या पावत्या का जोडाव्यात? शिवाय तरुण मुलांना उमेद हवी असते. आक्षेप रास्त आहे. पण रमाबाई रानडे किंवा लक्ष्मीबाई टिळक यांच्यापासून मराठी आत्मचरित्रानं शेजारच्या माणसाला बोलतं केलं, मोठ्या माणसाच्या बाजूला उभं राहून सगळं पाहिलेल्या माणसाला. उद्योगचरित्रात तो शेजारचा माणूस एका वाक्याचा धनी असतो. बायकोचे दागिने गहाण पडतात त्या वाक्यात. ते सुटले की नाही, हेसुद्धा पुष्कळदा लिहिलेलं नसतं.

आता बी.कॉम.चं कारण. माझे वडील तालुक्याच्या एका शाळेत कारकून होते. त्यांच्या एका मित्रानं 1983 साली लेथचं छोटं वर्कशॉप टाकलं. पतसंस्थेचं कर्ज, दोन जामीनदार, त्यातले एक वडील. तीन वर्षांत वर्कशॉप बंद पडलं, मित्र गाव सोडून गेला. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघाला आणि कलम 49 प्रमाणे वडिलांच्या पगारातून महिन्याला 250 रुपये कापले जाऊ लागले. ते सात वर्षं चाललं. मी कॉलेज सोडून एका अडत्याकडे हिशेब लिहायला लागलो, तिथून पुढे बँकेत.

करार कायद्याचं 128वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. 140वं कलम सांगतं की जामीनदारानं पैसे भरले की धनकोचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात. हे मी नोकरीत शिकलो आणि एकदा वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “सही मी केली होती ना?” विषय संपला. त्यांनी सही केली तेव्हा टेबलापलीकडचा माणूस काय म्हणाला असेल ते मी सांगू शकतो, कारण पुढे तेच वाक्य मी शेकडो जामीनदारांना ऐकवलं आहे. “नुसती फॉर्मॅलिटी असते हो काका.”

वडिलांचे ते मित्र दुसऱ्या शहरात उत्तम जम बसवून मोठे झाले. माणूस वाईट नव्हे, मेहनती, शंभरएक घरांना त्यांनी रोजगार दिला. त्यांच्या पंचाहत्तरीला गौरवग्रंथ निघाला. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते घरी आले, वडिलांच्या फोटोला हार घातला, बराच वेळ गप्प बसले आणि ग्रंथाची सही केलेली प्रत माझ्या हातात देऊन गेले. एक्केचाळिसाव्या पानावर दोन ओळी आहेत. गावाकडचा पहिला प्रयत्न परिस्थितीमुळे फसला, पण त्यातून मिळालेला अनुभव पुढे कामी आला, अशा अर्थाच्या.

वडिलांच्या कागदांत पतसंस्थेचा बेबाकी दाखला सापडला. कर्जदार म्हणून मित्राचं नाव, भरणा करणारा म्हणून वडिलांचं. त्याची झेरॉक्स काढून मी एक्केचाळिसाव्या पानाला डकवली आहे. ग्रंथ वाचनालयाला द्यायचं ठरवलं होतं. तिथले ग्रंथपाल म्हणाले, बाहेरचा कागद चिकटवलेलं पुस्तक नोंदवता येत नाही. म्हणून तो अजून माझ्याकडेच आहे.