जामीनदार

माणसाच्या खिशात काय काय असावे, याविषयी आमच्या घरात गेली वीस वर्षे मतभेद आहेत. सौ.च्या मते रुमाल, किल्ली आणि वाण्याकडची यादी एवढे पुष्कळ झाले. माझे म्हणणे, या तिघांच्या सोबतीला एक घडीचा चाकू हवाच. "तुम्ही बँकेत कारकून आहात, चंबळच्या खोऱ्यात नाही," असे ती म्हणते. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले आहे, की आता चंबळच्या खोऱ्याविषयी मला घरोबा वाटू लागला आहे.

वास्तविक मला चाकूची सवय लावली ती बँकेनेच. मी १९९९ साली बी. कॉम.चे भेंडोळे घेऊन नोकरीला चिकटलो, तेव्हा नोटांच्या बंडलांना जाडजूड पिना मारलेल्या असत. त्या उचकटायला आमचे हेड कॅशियर एक बोथट चाकू वापरत. पिन निघे आणि तिच्याबरोबर महात्मा गांधींचा कानही निघे. मग २००१ साली रिझर्व्ह बँकेने फर्मान काढले, की पिना बंद, कागदी पट्ट्या लावा. चाकूची सरकारी नोकरी गेली. मी मात्र त्याला मानद सल्लागार म्हणून खिशात ठेवून घेतला.

तर अशा या अनुभवी माणसाला गेल्या वर्षी चैत्रात बहिणीचा गावाहून फोन आला. "दादा, अण्णांच्या हातातून तो चाकू काढून घे बघू आधी!"

आमचे अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. कोकणात चार कलमे आणि दहा पोफळी बाळगून आहेत. त्यांच्याजवळ शिंगाच्या मुठीचा एक चाकू आहे. तो त्यांनी तरुणपणी आठवड्याच्या बाजारात घेतला. सुपारीपासून सुंभापर्यंत सगळे त्यानेच कापायचे. आता हात थरथरतो. काहीतरी कापताना पाते फटकन मिटले आणि बोटावर आले. अण्णांनी हळद दाबली, चिंधी बांधली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. लागला तो जेवताना. अण्णा आमटीभात चमच्याने खात होते. अण्णा आणि चमचा! बहिणीने तिथल्या तिथे ओळखले, की काहीतरी भयंकर घडलेले आहे.

चाकू काढून घेणे मला जमण्यासारखे नव्हते. वडिलांच्या हातातली वस्तू काढून घ्यायचे धैर्य मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही आलेले नाही. तेव्हा मी ठरवले, की काढून घेण्याऐवजी त्यांना दुसरा द्यावा. दणकट, भरवशाचा, आणि मुख्य म्हणजे न मिटणारा. त्यासाठी चार चाकू गोळा केले, दोन उसने पाहिले आणि एकाने माझे बोट पाहिले. हा त्याचा अहवाल.

आधी थोडे शास्त्र. अण्णांच्या चाकूत पाते उघडे राहते ते पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर. म्हणजे ते उघडे राहण्याची नुसती विनंती असते. टोक कुठे अडकले आणि पात्याच्या पाठीवर दाब आला, की विनंती फेटाळली जाते. दुसरा प्रकार लॉकचा. यात पाते उघडल्यावर कसलातरी आडणा मागे येऊन बसतो आणि तो बाजूला केल्याशिवाय पाते मिटत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार विनातारण कर्जाचा आणि दुसरा जामीनदाराचा. आता जामीनदार म्हणजे काय, ते आम्हा बँकवाल्यांना विचारा! कर्ज मंजूर होते त्या दिवशी तो पेढे खाऊन सही करतो. वसुलीच्या दिवशी तो सापडतो की नाही, यावर सगळे.

स्विस चाकूपासून सुरुवात केली, कारण तो माझ्याकडे होताच. त्याची हकीगत मोठी गमतीची आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ साली नवी रायफल घेतली. ती सोडवायला पेचकस लागे, आणि डबाबंद अन्न उघडायला काहीतरी लागेच. म्हणून शिपायांना चाकू द्यायचे ठरले, आणि पहिला माल आला जर्मनीतल्या झोलिंगेनहून. स्वदेशीचा अभिमान असलेल्या कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने ते काम १८९१ मध्ये स्वतःकडे ओढून आणले. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी जो हलका चाकू काढला, तोच पुढे तांबड्या मुठीने जगभर फिरला. पुढच्या काळात त्याच्या कारखान्याचे नाव व्हिक्टोरिनॉक्स झाले. यातले व्हिक्टोरिया म्हणजे एल्सनरच्या आई. आईचे नाव चाकूला देणारा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही.

माणूस म्हणून हा चाकू उत्तम. कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडी, सगळे आहे. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यासारखा: चहा मागवील, वर्गणी गोळा करील, निरोपसमारंभात गाणे म्हणेल, पण अवजड काम सांगितले की मान टाकील. या नेहमीच्या एक्याण्णव मिलिमीटरवाल्या मॉडेलचे मोठे पाते नुसत्या स्प्रिंगवर असते. लॉकवाले मोठे मॉडेल निघाले आहे आणि स्विस सैन्यही २००९ पासून तसलेच वापरते, पण माझ्याकडचा जुना. म्हणजे अण्णांच्या चाकूचाच सुशिक्षित चुलतभाऊ. बाद.

रामपुरी आणावा असे शेजाऱ्यांनी सुचवले. रामपूरच्या लोकांना त्याचा इतका अभिमान, की त्यांनी २०२३ साली भर चौकात वीस फुटी चाकू उभा केला. पण आपल्या पिढीने रामपुरी पाहिला तो हिंदी चित्रपटात, आणि तिथे त्याने काही कापल्याचे मला आठवत नाही. तो फक्त उघडतो. त्याच्या आवाजावर नायिका किंचाळते आणि नायक आत येतो. अण्णांनी पोफळीखाली बसून 'कडकड' असा आवाज करत चाकू उघडला, तर गडी काम सोडून पळायचा. (कायद्याचेही पाहिले. शस्त्रांचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला धरतात, आणि घरकामाच्या, शेतीच्या अवजारांना त्यातून सोडतात. तेव्हा अण्णा निर्दोष. पोलिसांचा एखादा स्थानिक मनाई हुकूम असेल तर गोष्ट वेगळी.)

त्यानंतर अमेरिकेहून भाचा आला. तिकडे 'रोज जवळ बाळगायचे' चाकू हा एक पंथच आहे म्हणतात. हे लोक खिशातून चाकू, विजेरी, पेन बाहेर काढतात, टेबलावर मांडतात आणि त्याचा फोटो काढतात. आमच्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता, चुन्याची डबी आणि कात एवढे कायम असे, पण त्याचा फोटो काढावा असे कुणाला सुचले नाही. एका बिजागरीवर चालणारा, आयुष्यभर रोज बाळगलेला आणि सुपारीसारख्या दगडाशी झुंजणारा असा तो ऐवज! असो.

भाच्याने बक ११० आणला होता. हा १९६४ सालचा अवतार. अमेरिकी शिकाऱ्यांसाठी काढलेला. पितळी टोपणे, शिसवीसारखी मूठ, पावणेचार इंची पाते आणि पाठीवर लॉक. वजन दोनशे ग्रॅम. हातात घेतला की आपण कर्तबगार आहोत असे वाटू लागते. खिशात टाकला की पँट एका बाजूने खाली जाते आणि ते वाटणे थांबते. उघडताना त्याचा जो 'ठक्' आवाज येतो, तो आमच्या तिजोरीच्या दरवाज्याची आठवण करून देतो. लॉक मजबूत आहे यात शंका नाही. पण तो दाबून मिटवायला अंगठ्यात जोर हवा आणि दोन्ही हात मोकळे हवेत. अण्णांचा एक हात नेहमी फांदीला असतो.

त्याच्या स्वतःच्या खिशातला चाकू आणखी पुढचा. त्यात वेगळा आडणाच नाही. मुठीचीच एक बाजू चिरून तिची पट्टी पात्यामागे जाऊन बसते. ही युक्ती ख्रिस रीव्ह नावाच्या दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या कारागिराची. त्याच्या चाकूचे नाव 'सेबेन्झा', म्हणजे झुलू भाषेत 'काम'. किंमत चारशे डॉलरच्या वर. भाच्याच्या मित्राकडे तर असा एक आहे, की त्यात पाते आणि लॉक यांच्यामध्ये एक पोलादी खुंटी घातली आहे. सगळा भार खुंटी घेते आणि लॉकला झीज लागत नाही. जामीनदाराला जामीनदार! कल्पना मला फार पसंत पडली. आमच्या कर्ज विभागाला कळवली पाहिजे.

"मामा, याने तुम्ही गाडीचं दारसुद्धा उचकटू शकता," भाचा म्हणाला.

"आणि सफरचंद?"

सफरचंद कापून पाहिले. पाते इतके जाड, की सफरचंद कापले गेले नाही, फुटले. पाचर मारल्यासारखे. दणकट चाकूंची ही खरी गोम आहे. पाते जाड केले की ते मोडत नाही, पण कापतही नाही. आणि गाडीचे दार उचकटायची वेळ माणसावर आयुष्यात किती वेळा येते? कांदा रोज येतो.

आता माझ्या बोटाकडे वळतो. बक ११० भाच्याने परत नेला. तसाच एखादा आपणही घ्यावा, पण कारकुनी बेताने, म्हणून मी बाजारपेठेत हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, नावगाव नसलेला एक नग तीनशे रुपयांत घेतला. मे महिन्यात गावी नेला. अण्णांना देण्याआधी आपण कसोटी घ्यावी, म्हणून पहिल्याच दिवशी फणस कापला. हाताला खोबरेल लावले होते. चाकूला लावायचे सुचले नाही. चीक पात्याच्या बुडाशी, लॉक बसायच्या खाचेत गेला आणि रात्रीत वाळला. सकाळी चाकू उघडला तेव्हा 'ठक्' आवाज आलाच नाही. 'भक्' असा काहीसा आला. लॉक खाचेत पुरता उतरलाच नव्हता, वरच्या वर टेकला होता. मला हे आज कळते. तेव्हा मी मांडवाच्या काथ्याच्या दोरीत टोक खुपसून पिळले, आणि जामीनदार पळाला.

तर्जनीला पाच टाके पडले. तीन महिने बोट पुरते वाकेना. नोटा मोजायला आता यंत्र आहे म्हणा, पण यंत्राने टाकून दिलेल्या जीर्ण नोटा अजून बोटांनीच मोजाव्या लागतात. त्याहून वाईट म्हणजे बँकेच्या संगणकात शिरायला माझ्या याच बोटाचा ठसा लागतो. पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला त्या डबीने सलग अकरा वेळा ओळखायला नकार दिला. मागे पेन्शनवाल्यांची रांग. त्यातले एक आजोबा म्हणाले, "हयातीचा दाखला आणा!" आम्ही हे वाक्य इतकी वर्षे त्यांना ऐकवत आलो होतो.

अण्णांनी माझे बोट पाहिले आणि विचारले, "लॉक होता ना त्याला?"

"होता."

"म्हणूनच." एवढे बोलून ते पोफळीकडे गेले. त्यांचा मुद्दा मला रात्री समजला. साध्या चाकूने ते टोक खुपसून पिळत नाहीत, कारण तो मिटेल हे त्यांना ठाऊक असते. मला मिटणार नाही हे ठाऊक होते.

तरीही त्यांचा हात थरथरतो, हे काही त्या उत्तराने थांबत नव्हते. शेवटी मी ओपिनेल घेतला, आठ नंबरचा. फ्रान्समधल्या सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या पोराने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी हा काढला. आपल्याकडे त्या वयात मुले बारावीचे क्लास शोधतात. बीच लाकडाची मूठ, पातळ पाते, बस्स. पन्नास ग्रॅमही वजन नाही. १९५५ साली त्याच्या गळ्यात एक लोखंडी कडे आले. ते फिरवले की पात्यामागची फट बंद होते. बघायला गेले तर पाण्याच्या नळाइतकी साधी युक्ती. पण चीक गेला, माती गेली, तरी कडे फिरले की नाही हे डोळ्यांना दिसते. जामीनदार समोर उभा असतो. आणि पाते पातळ असल्यामुळे कापते म्हणजे काय कापते! सफरचंद दूरच, मी टोमॅटोची नोट करून दाखवली.

दोष आहेत. साध्या पोलादाचे पाते कैरीने काळे पडते, म्हणून मी स्टेनलेस घेतला. कोकणातल्या पावसात लाकूड फुगणार आणि पाते आत अडकणार, हे गृहीत धरायचे. यावर सावॉयच्या लोकांचा उपाय असा, की मुठीचे बूड टेबलावर आपटायचे, म्हणजे पाते डोके वर काढते. दार उचकटायला हा अगदीच कुचकामी. पण अण्णांना कुठले दार उचकटायचे आहे?

गणपतीत गावी गेलो. ओपिनेल पडवीच्या खांबाला, वाशाच्या खाचेत खोवलेला होता. पूर्ण उघडा, कडे फिरवून बंद केलेले.

"अण्णा, हा मिटत का नाही तुम्ही?"

"मिटायचा कशाला? सकाळी परत लागणारच आहे."

घडीच्या चाकूंमध्ये मी शोधून शोधून जो पहिला ठरवला, त्याची त्यांनी सुरी करून टाकली होती. बहीण खूश होती. त्याच संध्याकाळी अण्णांनी मला मागीलदारी बोलावले आणि शिंगाच्या मुठीचा तो जुना चाकू, तेलपाणी करून, माझ्या हातात ठेवला. "टोक खुपसून पिळायचं नाही," म्हणाले.

तो सध्या माझ्या खिशात आहे. बहिणीला अजून सांगितलेले नाही. सौ.लाही.