द्वेष्ट्यावाचून चालणारा वर्णभेद : इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ या ग्रंथाविषयी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका इझाबेल विल्करसन यांचा ‘कास्ट’ हा ग्रंथ २०२० साली प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रीय लेखनासाठी १९९४ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या या लेखिकेने अमेरिकन समाज, भारतीय समाज आणि नाझी जर्मनी या तिहींची तुलना करून, अमेरिकेतील वर्णभेद ही मुळात एक जातिव्यवस्थाच आहे, असे प्रतिपादन केले आहे. ही तुलना आपणांस नवी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे होणाऱ्या अर्जाची माहिती मागविली होती. विल्करसन यांनीही बाबासाहेबांचा उल्लेख आदराने केला आहे. साहजिकच आपल्याकडे या ग्रंथाचे स्वागत झाले आणि ते योग्यच झाले.

परंतु आपल्या महापुरुषाचे नाव परदेशी ग्रंथात गौरवाने आले, एवढ्याने त्या ग्रंथाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. अमेरिकन समाजाचे जे निदान हा ग्रंथ करतो ते कितपत खरे आहे, आणि जो उपचार तो सुचवितो तो त्या निदानाशी जुळतो काय, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. आमचे मत प्रारंभीच नमूद करतो. निदान बहुतांशी खरे आहे. उपचार मात्र त्या निदानाला सोडून आहे.

प्रथम निदानाचा विचार करू. विल्करसन यांच्या मते वर्ण ही वरची त्वचा असून जात हा आतील अस्थिपंजर आहे. हा पंजर ज्या आठ स्तंभांवर उभा आहे त्यांत ईश्वरी इच्छेचा आधार, जन्मसिद्धता, विवाहबंधने, शुद्धाशुद्धतेची कल्पना, व्यवसायांची उतरंड आणि दहशत यांचा समावेश होतो. या मांडणीचा मोठा गुण असा की, ती वर्णभेदाला केवळ एक दुष्ट भावना मानीत नाही. समाजाने प्रत्येकास जन्मतःच एक स्थान नेमून दिले आहे, आणि त्या स्थानाचे लाभ व हानी माणसाच्या स्वभावावर अवलंबून नाहीत, हे त्या ठामपणे सांगतात. एखादा श्वेतवर्णीय मनुष्य अत्यंत सालस असेल. तरी दुकानात त्याच्यावर पाळत ठेवली जात नाही, अर्जावरील त्याचे नाव पाहून अर्ज बाजूला पडत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बॉस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठविण्यात आले. श्वेतवर्णीय वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. ज्याला असा प्रतिसाद मिळतो, त्याला आपण काही विशेष मिळविले असे वाटतही नाही. विशेषाधिकाराचे खरे लक्षण हेच आहे. तो ज्याच्याजवळ असतो, त्याला तो दिसत नाही.

येथपर्यंत आम्ही लेखिकेशी सहमत आहोत. मतभेद सुरू होतो तो ग्रंथाच्या अखेरच्या भागापाशी. तेथे त्या एक प्रसंग सांगतात. घराच्या तळघरात पाणी शिरलेले असते. नळकामासाठी आलेला श्वेतवर्णीय कारागीर ट्रम्प यांच्या पक्षपात्यांची लाल टोपी घालून येतो आणि कामात टाळाटाळ करतो. लेखिका त्याला आपल्या नुकत्याच वारलेल्या आईविषयी सांगतात. तोही आपल्या आईविषयी बोलू लागतो. मग त्याचे वागणे पालटते आणि काम नीट होते. प्रसंग हृद्य आहे, आणि तो खोटा आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु चारशे वर्षांच्या व्यवस्थेचे विवेचन केल्यावर लेखिका ज्या उपायाकडे येतात, तो हाच आहे: परस्परांच्या दुःखाशी समरस होणे, हृदय ही अखेरची सीमा मानणे. आमचा प्रश्न साधा आहे. त्या कारागिराचे हृदय पालटल्याने त्या तळघरातील पाणी हटले. परंतु कृष्णवर्णीयांची घरे मुळात कोठे, कोणत्या किमतीस आणि कोणाच्या कर्जाने उभी राहिली, हे कोणाच्या हृदयाने ठरविले होते?

या प्रश्नाचे उत्तर रिचर्ड रॉथस्टाइन यांच्या ‘द कलर ऑफ लॉ’ (२०१७) या ग्रंथात सापडते. १९३३ साली अमेरिकन सरकारने गृहकर्जांसाठी ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापिले. या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करून वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. उत्तम वस्ती हिरवी, आणि धोकादायक वस्ती तांबडी. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुधा तांबडी असे. १९३४ साली ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आले. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाची हमी घेत असे. या हमीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबास प्रथमच अल्प अनामत भरून, दीर्घ मुदतीने घर घेणे शक्य झाले. परंतु वस्तीत निराळ्या वर्णाचे लोक असणे ही जोखीम समजावी, असे तिच्या मूल्यांकन-पुस्तिकेत नमूद होते. डेट्रॉइट येथे एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीलगत श्वेतवर्णीयांसाठी घरे बांधायची होती. संस्थेने हमी नाकारली. १९४१ मध्ये त्याने दोन्ही वस्त्यांमध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत उभारली. मग हमी मिळाली. त्या भिंतीचा बराच भाग आजही उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली झालेल्या कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. कायदा सर्वांसाठी सारखा होता. अंमलबजावणी मात्र स्थानिक बँका आणि स्थानिक अधिकारी यांच्या हाती होती. इतिहासकार आयरा कॅट्झनेल्सन यांनी नोंदविले आहे की, १९४७ साली मिसिसिपी राज्यातील १३ शहरांत सैनिकांसाठीच्या हमीची जी ३,२०० हून अधिक कर्जे मंजूर झाली, त्यांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांस मिळालेली कर्जे केवळ दोन होती.

आता बँकेतील त्या कारकुनाची कल्पना करावी. तो कदाचित कोणाचा द्वेष करीत नसेल. त्याच्यासमोर नकाशा आहे, पुस्तिका आहे, आणि हमी नसलेले कर्ज देऊ नये असा बँकेचा नियम आहे. तो नियम पाळतो आणि सायंकाळी शांत चित्ताने घरी जातो. तसेच त्या कुटुंबाचीही कल्पना करावी, ज्याला १९५० च्या सुमारास हमीचे कर्ज मिळाले. त्याने कोणाचे काही हिरावून घेतले नाही. हप्ते नियमित भरले. घराची किंमत वाढत गेली. त्या घराच्या आधारावर मुले महाविद्यालयात गेली, आणि पुढे ते घर मुलांच्या नावे झाले. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता-करातून येतो. म्हणून ज्या वस्तीत घरे महाग, तेथील शाळाही सुसज्ज. तांबड्या वस्तीतील कुटुंबाचा याच्या उलट प्रवास झाला. शिकागोत कृष्णवर्णीयांना बँकेचे कर्ज नाकारले गेल्यामुळे कित्येकांनी विक्रेत्याशीच हप्त्यांचा करार केला. एक हप्ता चुकला तरी घर व भरलेले पैसे दोन्ही जात. याचे फलित २०२२ सालच्या सरकारी पाहणीत दिसते. श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यम संपत्ती २,८५,००० डॉलर होती, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. हे अंतर निर्माण होण्यास आज कोणी दुष्ट असण्याची गरज नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभाव निषिद्ध ठरविला. परंतु तोपर्यंत जे घर घेतले गेले ते घेतले गेले, आणि जे नाकारले गेले ते नाकारले गेले.

स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ या ग्रंथात हाच भेद स्पष्ट केला होता. बर्मिंगहॅम शहरातील चर्चमध्ये स्फोट करून कृष्णवर्णीय मुलींचे प्राण घेणाऱ्यांचा सारा समाज निषेध करतो. त्याच शहरात अन्न, निवारा व औषधोपचार यांच्या अभावी जी कृष्णवर्णीय अर्भके मरतात, त्यांचा मारेकरी कोणास दिसत नाही. पहिला व्यक्तीचा अपराध, दुसरा संस्थेचा. विल्करसन यांना हे ठाऊक नाही असे नाही. तांबड्या वस्त्यांचा उल्लेख त्यांच्या ग्रंथातही आहे. परंतु त्यांच्या विवेचनात अपमानाचे प्रसंग इतके ठळक होतात की, विमानातील वा उपाहारगृहातील उद्धट वर्तन आणि कर्जाची हमी नाकारणारी पुस्तिका या एकाच तोलाच्या गोष्टी वाटू लागतात. मग उद्धटपणावरचा उपाय पुस्तिकेवरही लागू पडेल, असा भास होतो.

हा भास निरुपद्रवी असता, तर आम्ही त्याची एवढी चर्चा केली नसती. अमेरिकन न्यायालयांनी नेमक्या याच भासाचा आधार घेतला आहे. १९७१ मध्ये ग्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले होते की, कामाशी संबंध नसलेली परीक्षा जर कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवीत असेल, तर मालकाचा हेतू काहीही असो, ती बेकायदेशीर होय. पण १९७६ च्या वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस खटल्यात न्यायालयाने संविधानातील समतेच्या हमीपुरती निराळी कसोटी लावली: विषम परिणाम दाखवून भागणार नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध केला पाहिजे. १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात जॉर्जिया राज्यातील अभ्यास न्यायालयापुढे आला. श्वेतवर्णीयाच्या हत्येचा आरोप असणाऱ्यास मृत्युदंड होण्याची शक्यता कृष्णवर्णीयाच्या हत्येच्या तुलनेत ४.३ पट असल्याचे त्यातून दिसत होते. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, या आरोपीविरुद्ध कोणी हेतुपुरस्सर भेद केला हे सिद्ध झालेले नाही. १९९१ मध्ये मॅक्लेस्की यास देहदंड देण्यात आला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर, आपण ते मत आता बदलू, असे आपल्या चरित्रकारास सांगितले. त्यांचे हृदय पालटले. निकाल तसाच राहिला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून, विषम परिणामावर आधारलेल्या दायित्वाची अंमलबजावणी मागे सारण्यास शासकीय खात्यांना सांगितले. म्हणजे ग्रिग्ज खटल्याने उघडलेली वाटही अरुंद केली गेली. जेथे द्वेष करणारा मनुष्य सापडत नाही तेथे अन्यायच नाही, ही समजूत विशेषाधिकाराचे सर्वांत भक्कम कवच आहे. म्हणूनच वर्णभेदाचा प्रश्न अखेर अंतःकरणाचा आहे असे सांगणारा सहृदय लेखकही, नकळत, त्या कवचाला हातभार लावतो.

येथे आमचे काही वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. धम्मपदाची पहिलीच गाथा मनाचे अग्रत्व सांगते, भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. तर मग विल्करसन यांचा उपाय बौद्ध विचाराशी सुसंगत नव्हे काय? आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात चोरी, हत्या आणि असत्य यांचा उगम चोराच्या अंतःकरणापाशी शोधलेला नाही. राजाने निर्धनांस धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून पुढची साखळी निर्माण झाली, असे तेथे सांगितले आहे. कूटदन्तसुत्तातील पुरोहितही राजास शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्याचा सल्ला देतो. व्यक्तीचे कर्म चेतनेने ठरते हे खरेच. परंतु समाजाचे दुःख प्रत्ययांनी निर्माण होते, आणि राजाने कोणास भांडवल द्यावे हा त्यांतील एक प्रमुख प्रत्यय आहे. अमेरिकन शासनाने भांडवल दिले, पण ते वर्ण पाहून दिले.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात ही मनाची एक धारणा आहे असे म्हटले, याचा आधार विल्करसन यांच्या बाजूने कोणी घेईल. परंतु त्याच ग्रंथात ते पुढचे पाऊल टाकतात. जात पाळणारी माणसे दुष्ट नसतात. शास्त्रांचे प्रामाण्य मानतात म्हणून ती जात पाळतात, तेव्हा प्रहार त्या प्रामाण्यावर झाला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अमेरिकेतील त्या कारकुनाचे शास्त्र म्हणजे मूल्यांकनाची पुस्तिका होय. विल्करसन यांनी बाबासाहेबांकडून जातीचे वर्णन घेतले, हा निष्कर्ष मात्र घेतला नाही.

कायदा बदलला की मन आपोआप बदलते, असा आमचा दावा नाही. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावर आधारलेले घरविक्रीचे करार न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या. मनाची तयारी नसेल तर कायदा कागदावर राहतो. परंतु मन तयार झाल्यावर त्याने कोणते काम करावे, हे सांगणे समीक्षकाचे आणि विचारवंताचे कर्तव्य आहे. नाकारलेल्या हमीची भरपाई कशी व्हावी, शाळेचा खर्च वस्तीच्या श्रीमंतीपासून कसा वेगळा करावा, न्यायालयाने हेतूऐवजी परिणाम केव्हा पाहावा, हे प्रश्न ‘कास्ट’ या ग्रंथाच्या अखेरीस यावयास हवे होते.

तरीही हा ग्रंथ आमच्या वाचकांनी अवश्य वाचावा. अपमानाची नोंद इतक्या संयमाने आणि नेमकेपणाने ठेवणारे लेखन विरळा आहे, आणि व्यवस्थेला व्यवस्था म्हणण्याचे धैर्य त्यात आहे. फक्त त्याच्या शेजारी रॉथस्टाइन यांचा ग्रंथ ठेवावा. पहिल्यात दुःख कसे भोगले जाते हे समजते; ते कोणत्या कचेरीत, कोणत्या साली आणि कोणत्या नियमाने तयार झाले, हे दुसऱ्यात समजते. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज अमेरिकेतील वर्णभेदाचे आकलन पुरे होणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.