अंदमानचे बंदिवास-साहित्य
मराठीत ह्या साहित्याचा मानदंड म्हणजे वि. दा. सावरकर यांचे माझी जन्मठेप (१९२७) हे आत्मकथन. पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर तुरुंगातील कोलू, काथ्या कुटणे व एकांतकोठडी यांचे त्यातील चित्रण प्रत्ययकारी आहे. तथापि त्याच्या प्रभावाने मराठी वाचकाच्या मनात ही वास्तू ब्रिटिश अमदानीशीच निगडित झाली. मार्च १९४२ मध्ये जपानने अंदमान बेटे घेतल्यावर हेरगिरीच्या संशयावरून तेथील नागरिक त्याच कोठड्यांत डांबले गेले. स्थानिक हिंदी स्वातंत्र्य संघाचे प्रमुख व पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग हे १४ जानेवारी १९४४ रोजी छळामुळे मरण पावले. ३० जानेवारीस हंफ्रीगंज येथे ४४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. डिसेंबर १९४३ अखेर सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला राष्ट्रध्वज फडकविला, तेव्हा दिवाणसिंग तुरुंगातच होते. सावरकरांचा अंदमानातील बंदिवास १९२१ मध्येच संपला असल्याने ह्या घटनांचा अभाव हा त्यांच्या ग्रंथाचा दोष ठरत नाही. मात्र राजकीय बंदीच्या यातनांना ध्येयामुळे अर्थ लाभतो. केवळ संशयाने धरलेल्या नागरिकाला तो आधार नसतो. त्यामुळे ध्येयवादी आत्मकथनाचे निकष ह्या दुसऱ्या बंदिवासाच्या आकलनास अपुरे पडतात.