प्रिंट कधी उचलायची?

आज आम्ही लिथ प्रिंटबद्दल बोलणार आहोत, आणि खरं सांगायचं तर थोड्या तक्रारीच्या सुरात बोलणार आहोत.

डार्करूम शिकायला लागलेली माणसं फार लवकर लिथ आणि वॉर्म-टोनकडे वळतात. आम्हीही वळलो होतो. ट्रेमधून तपकिरी, कुठे गुलाबीकडे झुकणारी प्रिंट बाहेर येते आणि बघणारा म्हणतो, ‘वा, किती जुनी वाटते!’ ही दाद ऐकली की आता आम्हाला धास्ती वाटते. फोटो कशाचा आहे हे त्याने पाहिलंच नाही, फक्त रंग पाहिला.

हा रंग येतो कुठून? प्रिंटमधली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. कण फार बारीक असतील तर ते तपकिरी दिसतात, मोठे झाले की काळे. वॉर्म-टोन कागदाचं क्लोरोब्रोमाइड इमल्शन बारीक कण देतं, म्हणून साध्या डेव्हलपरमध्येही त्याची ऊब सगळ्या चित्रभर साधारण सारखी पसरते. लिथमध्ये मात्र एकाच कागदावर दोन कारभार चालतात. उजळ भागात मऊ, उबदार, बारीक कण आणि सावलीत रवाळ, थंड काळा.

ही तऱ्हा मूळची छपाईच्या धंद्यातली. हाफटोनच्या लिथ फिल्मवर ठिपका एकतर पूर्ण काळा हवा, नाहीतर जागा स्वच्छ पारदर्शक. मधला करडा तिथे नकोच. आपल्याकडच्या ऑफसेट छापखान्यांतही ही फिल्म वर्षानुवर्षं रोजच्या वापरात होती. त्यासाठीच्या डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोन असतं आणि मोकळं सल्फाइट अगदी कमी. त्यामुळे डेव्हलप होताना जे पदार्थ तयार होतात तेच पुढच्या क्रियेला वेग देतात. म्हणजे जिथे काळं व्हायला सुरुवात झाली, तिथे ते झपाट्याने वाढत जातं. यूल यांनी १९४५ साली या प्रकाराबद्दल लिहिलं, आणि तो ‘संसर्गी डेव्हलपमेंट’ म्हणून ओळखला जातो. नाव चपखल आहे, बरं का.

आता शिकणाऱ्याचं काय होतं बघा. कागदाला नेहमीपेक्षा दोन-तीन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट ते आठपट उजेड द्यायचा आणि खूप पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये टाकायचा. कितीतरी मिनिटं जवळजवळ काहीच दिसत नाही. मग फिकट चित्र येतं, सावल्यांत काळे ठिपके उमटतात आणि बघता बघता पसरतात. दूध उतू जाताना जसं क्षणभरात होतं, तसंच. त्या आधीच्या क्षणी प्रिंट उचलून स्टॉप बाथमध्ये टाकायची. उजळ भाग किती भरायचे हे एक्स्पोजरने आधीच ठरलेलं असतं, काळा किती येऊ द्यायचा हे हाताने तेव्हाच ठरवायचं. तेही लाल दिव्यात, जिथे रंग कळत नाही. शिवाय हायपोमध्ये प्रिंट उजळते आणि वाळली की पुन्हा गडद होते.

यात घड्याळ फारसं कामाचं नाही. प्रत्येक प्रिंटबरोबर डेव्हलपर बदलत जातो. ताज्या द्रावणात थोडा वापरलेला डेव्हलपर विरजणासारखा घालायचीही पद्धत आहे. तरी पाचवी प्रिंट दुसरीसारखी येत नाही. म्हणून दर वेळी नेमकं कशाकडे बघत उचलायची, हे ठाऊक असावं लागतं. आमच्या मते लिथचं सगळं शिक्षण याच प्रश्नात आहे.

आणि परीक्षणाचा निकषही तोच. ॲन्टन कॉर्बाइन यांची नव्वदच्या दशकातली लिथ व्यक्तिचित्रं घ्या. जिथे गायकाच्या डोळ्याखालची सावली रवाळ काळी होते आणि गाल उबदार राहतो, तिथे थकवा दिसतो, काळा कामाला येतो. पण काही ठिकाणी चेहरा आधीच प्रसिद्ध असतो आणि रवा त्याला नुसतं वजन चढवतो. तिथे तंत्र चित्राच्या पुढे चालतं.

शेजारी योसेफ सुदेक ठेवा. प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो त्यांनी १९४० पासून काढले. त्या लिथ प्रिंट नाहीत, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून केलेल्या कॉन्टॅक्ट प्रिंट आहेत. काचेवरची वाफ, पलीकडचं झाड, सगळं गडद करड्यात बुडालेलं. लिथ नेमका हाच मधला करडा खाऊन टाकतं. सुदेकची खिडकी लिथमध्ये केली तर नाट्य मिळेल आणि खिडकी जाईल.

म्हणून शिकणाऱ्यांना आमचं एकच सांगणं. आधी त्या निगेटिव्हची साधी, नीट प्रिंट काढा. ती समोर टांगा आणि विचारा, यातला कोणता करडा गेला तर चालेल? उत्तर मिळालं तर लिथ करा. नाही मिळालं, तर निगेटिव्हमधलं अपुरेपण तपकिरी रंगाखाली झाकू नका. रंगाचं कौतुक दोन दिवस टिकतं, नंतर भिंतीवर फोटोच उरतो.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.