कर्णा आणि कान

जुने फोनोग्राफ आणि ग्रामोफोन जमविणाऱ्या माणसाला आपल्या समाजांत फारसें गांभीर्यानें घेण्यांत येत नाहीं. पाहुणे त्याच्या दिवाणखान्यांतील पितळी कर्ण्याचें कौतुक करतात, चावी फिरवून पाहतात आणि चहा घेऊन निघून जातात. त्या कर्ण्यांतून कोण गातें, आणि जें ऐकूं येतें त्यावर विश्वास किती ठेवावा, हें विचारणारा विरळा. संगीतावर टीका लिहिणाऱ्यानें तरी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. कारण गेल्या सव्वाशें वर्षांतील गायकांविषयीं आपण जीं मतें बिनदिक्कत मांडतों, त्यांचा पुरावा या छांदिष्टांच्या कपाटांत पडलेला आहे.

आपल्याकडील संगीतटीका मुख्यतः आठवणींवर पोसली. अमक्या बुवांचा मालकंस, तमक्या खांसाहेबांचा षड्ज, यांच्या कथा वडिलांनीं मुलास सांगाव्या आणि मुलानें त्यांत आपली भर घालून पुढें द्याव्या, असा क्रम चालत आला. या आठवणी गोड असतात. पण त्यांची उलटतपासणी करतां येत नाहीं. अल्लादियाखां १९४६ सालीं वारले. त्यांनीं आपला आवाज तबकडीवर उतरूं दिला नाहीं, त्यामुळें त्यांच्या गायनाविषयीं आपणांस जें कळतें तें शिष्यांच्या गळ्यावरून आणि श्रोत्यांच्या तोंडून. उलट त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आकाशांत गेली, आणि त्या तबकडीसोबत ती वाजविण्याची सुईही ठेवलेली आहे! तबकडी आणि तिचें यंत्र हीं एकमेकांवांचून अपुरीं आहेत, ही गोष्ट त्या शास्त्रज्ञांस सुचली. ती आमच्या टीकाकारांस मात्र क्वचितच सुचते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यांत आवाज नळकांड्यावर उमटे; प्रथम कथलाच्या वर्खावर, पुढें मेणावर. बर्लिनरचा चपट्या तबकडीचा ग्रामोफोन त्यानंतर दहा वर्षांनीं आला. मेणाच्या फोनोग्राफवर गृहस्थाला घरच्या घरीं आपलाही आवाज भरून घेतां येई. ग्रामोफोन केवळ ऐकवी, पण एका साच्यावरून हजारों तबकड्या काढतां येत. व्यापारांत जिंकला तो दुसरा. कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचें तें जगप्रसिद्ध चित्र फ्रान्सिस बॅरॉनें प्रथम काढलें तेव्हां कुत्र्यापुढें फोनोग्राफच होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें तें चित्र घेतांना त्यावर आपलें यंत्र रंगवून घेतलें. विजेत्यानें पराभूताच्या अंगावर रंग फासल्याचें इतकें उघड उदाहरण दुसरें सांपडणें कठीण!

हिंदुस्थानांत फ्रेड गैसबर्ग हा कंपनीचा माणूस १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें घेतलें. गाणें संपतांच बाई आपलें नांव इंग्रजींत उच्चारतात. ऐकणाऱ्यास तें आज मजेचें वाटतें; परंतु तबकड्या छापल्या जात जर्मनींत हॅनोव्हरला, आणि तेथील कारागिरांस कोणाचें गाणें कोणतें हें कळावें म्हणून ही सोय केलेली असे. त्या काळीं ध्वनिग्राहक नव्हता. गायकानें कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, आणि साथ जेवढी कर्ण्यांत शिरेल तेवढीच उमटावयाची. विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९२५ पासून. म्हणून त्यापूर्वींची तबकडी ऐकून ‘आवाज पातळ आहे, खर्ज नाहीं’ असा शेरा मारणारा टीकाकार गायकावर नव्हे, कर्ण्यावर टीका करीत असतो.

येथें अब्दुल करीमखां यांचें उदाहरण घेण्याजोगें आहे. त्यांच्या कांहीं तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या आहेत आणि कांहीं अखेरच्या वर्षांतल्या, म्हणजे १९३७ सालीं ते वारले त्याच्या अलीकडच्या. मध्यें तीस वर्षें गेलीं. दोन्ही ऐकून ‘तरुणपणीं गळा चपळ होता, पुढें तो शांत व करुण झाला’ असें लिहिणें सोपें आहे, आणि कदाचित् तें खरेंही असेल. पण पहिल्या तबकड्या कोणत्या वेगानें फिरवून ऐकल्या? मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्या हें प्रमाण १९२५ च्या सुमारास स्थिर झालें. त्यापूर्वीं कोणी सत्तरीनें भरी, कोणी ऐंशींच्याही पुढें जाई. चौऱ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरांनीं फिरविली तर गाणें जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतें, लय वाढते आणि तान आहे त्याहून चपळ भासते. गंमत अशी कीं, आपल्या संगीतांत षड्जही त्याच प्रमाणांत चढत असल्यामुळें राग बिघडत नाहीं. राग तोच राहतो, गायक मात्र बदलतो, आणि या चोरीचा सुगावा रसिकाला लागत नाहीं. तेव्हां ‘तरुणपणची चपळाई’ कोणाची, खांसाहेबांची कीं यंत्राच्या चावीची, हें ठरविल्याशिवाय तुलना लिहूं नये.

तें ठरविण्याचा एक मार्ग संग्राहकांस माहीत आहे. एकाच बैठकींत भरलेल्या दोन-चार तबकड्या मिळवून त्यांतील षड्ज ताडून पाहावयाचा. बैठक कोणती, हें तबकडीवर कोरलेल्या अंकांवरून लागतें; मायकेल किनिअर यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रामोफोन कंपनीच्या आरंभींच्या हिंदी ध्वनिमुद्रणांवरील ग्रंथांत असल्या अंकांचीच मांडणी आहे. वाचावयास तो ग्रंथ रुक्ष आहे, परंतु शंभर रसाळ आठवणींपेक्षां अधिक उपयोगी. अडचण एवढीच कीं, त्या तबकड्या एकाच घरांत क्वचित् असतात. एक मुंबईंत, दुसरी कोल्हापुरांत, तिसरी कोणा पारशी गृहस्थाच्या माळ्यावर. म्हणून संग्राहकानें आपलें कपाट दुसऱ्यास उघडून दाखविणें हें सौजन्याचें काम नव्हे. त्यावांचून त्याच्या स्वतःच्या तबकडीचाही अर्थ लागत नाहीं. लंडनच्या फोनोग्राफप्रेमींनीं १९१९ सालींच मंडळ काढलें. मुंबईंत भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांचें मंडळ १९९० सालीं निघालें. त्याचे सभासद एकत्र बसून तबकड्या ऐकत आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकांत त्यांचा तपशील छापीत.

याच मुंबईच्या चोरबाजारांत मात्र छंदाचें दुसरेंच रूप दिसतें. नवा चकचकीत कर्णा, नवी लांकडी पेटी, आंत कुठल्या तरी प्रवासी ग्रामोफोनचें काढून घातलेलें यंत्र, आणि दर्शनीं भागावर कुत्र्याची मुद्रा! असलीं यंत्रें परदेशीं गेलीं आणि तेथें हिंदुस्थानचें नांव झालें तें असें. पण हा माल खपतो कां? घेणाऱ्यास ऐकावयाचें नसतें, मांडावयाचें असतें, म्हणून. शोभेच्या वस्तूला साउंड बॉक्स कसला आहे, याची चौकशी करण्याचें कारणच नाहीं.

न वाजविण्याचें दुसरें कारण अधिक सन्मान्य आहे. लाखेच्या तबकडींत दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती पोलादी पिनेला घासून खांचेच्या आकाराची करते. आणि जड साउंड बॉक्सखालीं तबकडीही दर वेळीं थोडी झिजते. म्हणून दुर्मिळ तबकडी कोणी कुलुपांत ठेवली तर त्याचा राग येत नाहीं. तथापि आज हलक्या विद्युत्सुईनें तिची एकदां नक्कल करून घेतां येते, आणि नक्कल झाल्यावर कुलूप शोभतें. नक्कल करणारानें मात्र एक पथ्य पाळावें. खरखर काढून टाकण्याच्या हौसेंत तंबोऱ्याची जवारीही पुसली जाते. ‘स्वच्छ’ केलेल्या कित्येक गाण्यांत गायक हवा काढून घेतलेल्या खोलींत गात असल्यासारखा वाटतो.

आणि जुन्या यंत्रावर, चारचौघांत, साधी तबकडी ऐकण्याचें मोल निराळेंच आहे. बाजूला तीन-साडेतीन मिनिटें. बालगंधर्वांच्या नाट्यगीतांना रंगभूमीवर मिळणारे वन्समोअर येथें नाहींत. काय सांगावयाचें तें या अवधींत सांगून मोकळें व्हावयाचें. हा ख्यालाचा किंवा नाट्यगीताचा तुकडा नसून स्वतंत्र रचनाप्रकार आहे, आणि टीकाकारानें तो तसाच जोखावा. पान उलटावें तशी बाजू उलटण्यासाठीं कोणी तरी उठतें, तेवढ्यांत दोन माणसें बोलतात, वाद घालतात. भीमसेन जोशी यांनीं बालपणीं अब्दुल करीमखांची झिंझोटी ऐकली ती तबकडीवर. कुमार गंधर्व लहानपणीं मोठमोठ्या गायकांच्या तबकड्यांवरून त्यांचीं हुबेहूब गाणीं म्हणत. एकाच्या मालकीचें यंत्र अनेकांच्या कानांवर पडे, त्या काळच्या या गोष्टी आहेत.

दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई पडली तेव्हां अमेरिकेंत जुन्या तबकड्या वितळविण्यासाठीं परत घेण्यांत आल्या. त्या कोणाच्या होत्या, हें भट्टीवर कोण पाहतो! आमच्याकडे भट्टीचीही जरूर पडत नाहीं. छांदिष्ट आजोबा वारले कीं यंत्र दिवाणखान्यांत राहतें, आणि तबकड्या रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात.