खंडणी की आहेर?

प्राचीन इजिप्तवरील पुस्तकांत एक विधान हटकून भेटते : शेजारची राज्ये फॅरोला खंडणी देत असत. त्याला आधार दिला जातो तो कर्नाकच्या मंदिरातील भिंतींचा. इ. स. पू. १५व्या शतकात तिसऱ्या थुतमोसने आपल्या मोहिमांचा वृत्तान्त तेथे कोरवून घेतला. त्याच्या ३३व्या राज्यवर्षाच्या नोंदीत बाबिलोनहून लाजवर्दाचे निळे खडे आणि हित्तींच्या राज्यातून चांदी आल्याचे सांगितले आहे.

पण ही दोन्ही राज्ये इजिप्तची मांडलिक कधीच नव्हती. नोंदीतला मूळ शब्द आहे ‘इनू’; त्याचा धात्वर्थ ‘आणलेले’, एवढाच. कोणत्या नात्याने आणले, हे तो शब्द सांगत नाही. सीरिया-पॅलेस्टाइनमधल्या अंकित नगरप्रमुखांनी आणलेल्या वस्तूही ‘इनू’ आणि बाबिलोनच्या राजाने पाठवलेल्याही ‘इनू’च. भाषांतरकार सरसकट ‘खंडणी’ लिहितो तेव्हा मुळातली ही संदिग्धता पुसली जाते आणि फॅरोची प्रौढी इतिहास म्हणून रूढ होते.

१८८७ साली अमार्ना येथे मिळालेल्या मातीच्या पाट्या या प्रौढीला उत्तर देतात. इ. स. पू. १४व्या शतकातला हा पत्रव्यवहार बहुतांशी अक्कादी भाषेत आहे. बिब्लोसचा मांडलिक रिब-हद्दा त्यात फॅरोच्या पायांवर सात-सात वेळा लोटांगण घालतो. बाबिलोन, मितान्नी, असिरियाचे राजे मात्र फॅरोला ‘बंधू’ म्हणतात आणि भेटीला ‘शुल्मानू’, म्हणजे क्षेमकुशलाची भेट. मितान्नीचा तुश्रत्त तर तक्रारच करतो, की कबूल केलेल्या भरीव सोन्याच्या मूर्तींऐवजी सोन्याने मढवलेल्या लाकडी मूर्ती आल्या. खंडणी भरणारा असा हिशेब मागत नाही. आहेराची परतफेड उणी पडल्यावरचा हा रुसवा आहे.

तरीही ‘आहेर’ हा शब्द पूर्ण पुरत नाही. या सोयरिकीत इजिप्त सदैव वरपक्षच राहिला. बाबिलोनच्या कदश्मान-एन्लिलने राजकन्या मागितली, तेव्हा इजिप्तची राजकन्या आजवर कोणाला दिलेली नाही, असे उत्तर त्याला मिळाले. त्यावर तो सुचवतो, की मग कोणतीही देखणी स्त्री पाठवा. ती राजकन्या नव्हे, असे इकडे म्हणणार कोण?

या उत्तरात कर्नाकच्या भिंतीचेही मर्म आहे. बरोबरी आणि वर्चस्व, दोन्ही आधी घरच्या माणसांना दाखवायचे असते. भिंतीवर काय लिहिले आहे याबरोबरच ते कोणासाठी लिहिले आहे, हेही भाषांतरकाराने विचारले पाहिजे. तोवर ‘इनू’ला ‘आणलेले’ म्हणणेच अधिक प्रामाणिक.